ठोके लांब, गाणं जवळ

शाल्मली कोयंडेनं घडवलेला बहुरूपी समुद्रात चार वेळा नाचला, आणि चारही वेळा त्याच्याकडे कुणी ढुंकूनसुद्धा पाहिलं नाही.

आता हा बहुरूपी म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. माणसाच्या मांडीएवढं जाड आणि दीड पुरुष लांब असं एक यंत्र. पाणबुडीच्या पोटातल्या नळीतून ते बाहेर पडतं, चार-पाच किलोमीटर पोहत जातं आणि आपणच पाणबुडी आहोत असा आव आणून आवाज काढायला लागतं. पंख्याची घरघर, पंपाची धडधड, पोलादी सांगाड्याची कुरकुर, सगळं हुबेहूब. पाण्याखाली दोन हातांपलीकडचं कुणाला दिसत नाही, तिथं सगळा कारभार कानांचा. शत्रूचे कान बहुरूप्याच्या मागं धावले, की खरी पाणबुडी दुसऱ्या अंगानं निसटते. युक्ती जुनीच. शाल्मलीनं बारा वर्षं खपून ती अशी काही घोटली होती, की खुद्द आपले पाणबुडीवालेच चाचणीत फसायचे. प्रयोगशाळेत तिला ‘बहुरूप्याची आई’ म्हणत, आणि तिला ते आवडायचं. का नाही आवडणार?

सन २०४३च्या त्या सकाळी मात्र बहुरूप्याच्या आईला तोंड लपवायला जागा नव्हती. ‘अतल’ ही आपली पाणबुडी खुल्या समुद्रात गस्तीवर असताना कुणीतरी टाकून दिलेलं मासेमारीचं जाळं तिच्या पंख्यात अडकलं. माणूस चालतो तेवढ्याच वेगानं ती सरकू लागली. तेवढ्यात परक्या आरमारानं आपली तीस यंत्रं पाण्यात सोडली. शार्कएवढी, माणसाविना फिरणारी आणि अतिशय तल्लख कानांची. आपले नौसैनिक त्यांना ‘जागले’ म्हणत. जागल्यांनी ‘अतल’भोवती पाच किलोमीटरचं रिंगण धरलं. हल्ला करायची त्यांना घाई नव्हती. हवा संपली की पाणबुडी आपोआप वर येणार, आणि मग चव्वेचाळीस माणसं आयतीच हातात.

त्या चव्वेचाळिसांत ध्वनियंत्रावर बसणारा एक होता सुयोग कोयंडे. शाल्मलीचा धाकटा भाऊ.

“हवा उद्या दुपारपर्यंत पुरेल,” कमोडोर रणदिवे म्हणाले. उंच, कोरडे, कमी बोलणारे गृहस्थ. मोहिमेची सगळी सूत्रं त्यांच्या हातात होती. “मॅडम, तुमचा भाऊ आत आहे. तुम्ही बाजूला झालात तरी कुणी तुम्हाला बोल लावणार नाही.”

“बाजूला होऊन काय करू, सर? घरी बसून भिंतीकडे बघू?”

 रणदिव्यांनी टेबलावरचा ध्वनिमुद्रणाचा डबा पुढं सरकवला. आदल्या संध्याकाळी चौथा बहुरूपी वाया गेल्यावर ‘अतल’च्या कप्तानानं नारळाएवढं एक तरंगतं यंत्र पृष्ठभागावर सोडलं होतं. त्यानं चाळीस मिनिटांचं ध्वनिमुद्रण उपग्रहाकडे भिरकावलं आणि ते बुडून गेलं. पाण्याखाली काय घडलं, त्याचा तेवढाच पुरावा.

“यात बघा. तुमचं सोंग कुठं उघडं पडतंय, ते शोधा.”

*

प्रयोगशाळेची एक रीत होती. समुद्रातून कुठलंही ध्वनिमुद्रण आलं, की ते आधी धुवायचं. समुद्र म्हणजे काही शांत जागा नव्हे. लाटा असतात, पाऊस असतो, कोळंब्यांची चटचट असते, माशांचं कुरकुरणं असतं. अभ्यासकाला पाहिजे असतो फक्त यंत्राचा आवाज. म्हणून एक प्रणाली बाकीचं सगळं गाळून टाकायची. तिला प्रयोगशाळेपासून पाणबुडीपर्यंत सगळे ‘धुलाई’ म्हणत. धुतलेला आवाज कसा स्वच्छ, पांढराशुभ्र निघायचा. बहुरूप्याच्या पोटात जो आवाज भरला होता, तोही असाच तेरा वेळा धुतलेला. आणि ही धुलाई बांधली होती शाल्मलीनंच.

सवयीनं तिनं नवं ध्वनिमुद्रण धुतलं. दोन तास ऐकलं. पाणबुडीचा आवाज जवळजवळ नाहीच, ‘अतल’ श्वास रोखून बसली होती. बहुरूप्याचा आवाज खणखणीत. जागले मात्र बहुरूप्याच्या अंगावरून सरळ निघून गेले होते. जत्रेत ओरडणाऱ्या फुगेवाल्याकडे न बघता माणसं पुढं जातात, तसे.

“अगं, पण का?” ती मोठ्यानं म्हणाली. खोलीत कुणी नव्हतं म्हणून बरं.

तिनं कपाळाला हात लावला आणि मग, दुसरं काही सुचेना म्हणून, बारा वर्षांत कधी केली नव्हती ती गोष्ट केली. न धुतलेलं ध्वनिमुद्रण लावलं.

पहिल्या दहा सेकंदांतच तिच्या अंगावर काटा आला. कुर्र... कुर्र... कुर्र. शेकडो बेडूक विहिरीच्या तळाशी बसून डराव डराव करत असावेत, असा आवाज. ढोमे! ढोमा हा तांबूस-करड्या रंगाचा, हातभर लांबीचा, साधासुधा मासा. त्याच्या पोटात हवेचा एक फुगा असतो, आणि फुग्याच्या दोन्ही बाजूंचे स्नायू थरथरवून तो ढोलक्यासारखा वाजवतो. दिवेलागणीला थव्याथव्यानं ढोमे गायला लागतात. हे तिनं कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. देवगडच्या पलीकडच्या वाडीत, आबांच्या होडीच्या तळाशी कान लावून ती हे ऐकत मोठी झाली होती.

आबा म्हणजे तिचे वडील भिकाजी कोयंडे. अख्ख्या वाडीत ते भिकू तांडेल, म्हणजे होडीचे म्होरके. ढोम्यांचा थवा कुठं आहे ते शोधायची त्यांची जुनी पद्धत होती. इंजिन बंद करायचं, वल्ह्याचं पातं पाण्यात सोडायचं आणि दांडा कानाच्या हाडाला टेकवायचा. लाकडातून समुद्र थेट डोक्यात येतो. होडीत त्या वेळी कुणी शिंकायचं नाही, विडी पेटवायची नाही. ते वल्हं आबा सुयोगच्या हातात द्यायचे, “ऐक रे,” म्हणायचे. शाल्मलीला कधी दिलं नाही. मुलीच्या जातीला वल्हं कशाला? म्हणून ती फळीला कान लावायची.

आणि तीच शाल्मली बारा वर्षं बसून ढोमे धुऊन टाकत होती. तिला स्वतःची लाज वाटली.

तिनं ध्वनिमुद्रण पुन्हा लावलं. ‘अतल’च्या मागं शेपटासारखी एक लांब तार असते, तिच्यावर शंभर कान बसवलेले असतात, त्यामुळे कुठला आवाज कुठून आला ते वेगळं काढता येतं. पाणबुडीच्या आसपासचं गाणं एकीकडे, बहुरूप्याच्या आसपासचं दुसरीकडे. दोन्हींत काहीतरी फरक होता, एवढं तिला कळत होतं. पण नेमका काय? तिचे कान यंत्रावर पोसलेले. ज्याला नक्की सांगता आलं असतं, तो माणूस तिच्याशी चार वर्षं बोलला नव्हता.

*

हेलिकॉप्टर आबांच्या घराबाहेरच्या वाळूत उतरलं तेव्हा सकाळचे साडेअकरा झाले होते. आबा अंगणात जाळं विणत बसले होते. पंख्याच्या वाऱ्यानं सुकत घातलेले बांगडे उडाले, शेजारच्या कोंबड्या पळाल्या, पण आबांनी मान वर केली नाही.

“काय गो, वाट चुकलंस?” ते जाळ्याकडे बघत म्हणाले.

अबोल्याचं कारण साधं होतं. बहुरूप्याच्या चाचण्यांसाठी समुद्राचा एक तुकडा मासेमारीला बंद करायचा ठरला. नकाशावर तो नुसता निळा चौकोन होता, पण वाडीच्या हिशेबी तो ‘ढोम्यांचा पट्टा’. नकाशाखाली सही होती शाल्मली भिकाजी कोयंडे हिची. आबांनी त्या दिवशी एवढंच विचारलं होतं, “सही करताना बापाशीचा नाव मधी घालताना हात थरथरलो नाय?”

“आबा, तुमका एक ऐकवचा आसा,” आता ती म्हणाली. “रागवा मगे. आधी ऐका.”

तिच्या आवाजात काहीतरी होतं. आबांनी सुई खाली ठेवली. तिनं हेडफोन पुढं केले. त्यांनी ते वळवून पाहिले आणि परत दिले.

“ह्या बुचांतसून माका काय ऐकाक येवचा नाय. थांब.” ते उठले, पडवीतून आपलं वल्हं घेऊन आले. सागवानी, दांडा हात लागून लागून गुळगुळीत झालेला. शाल्मली हसावं की रडावं अशी उभी. मग तिनं छोटा ध्वनिक्षेपक वल्ह्याच्या पात्यावर दाबून धरला, आबांनी दांडा कानामागच्या हाडाला टेकवला आणि डोळे मिटले.

कुठला आवाज कुठला, हे तिनं मुद्दाम सांगितलं नाही. पहिला तुकडा लावला. 

“ढोमे लांब गातत. पण हय, जवळ, गप आसत. हय कायतरी मोठा आसा. सरकता. जयसर सरकता, थयसर ढोमे गप होतत, आणि ता फुडे गेला की मगे परत गातत.”

तो तुकडा ‘अतल’च्या आसपासचा होता. शाल्मलीनं दुसरा लावला, बहुरूप्याचा. त्यात यंत्राची घरघर दणदणत होती. आबांनी तोंड वाकडं केलं.

“ह्या खोटा.”

“कशावरून?”

“थय कोण नाय गो! कोणतरी नुसतो बोंबलता. ढोमे आपले मजेत गातत. मोठा कायतरी अंगावर इला तर ढोमो गाता काय?”

ती मटकन जाळ्याच्या ढिगावर बसली. आता सगळं लख्ख दिसत होतं. पाणबुडी कितीही मुकी केली, तरी तिचं दीड हजार टनांचं धूड पाणी पुढं ढकलतंच. तो धक्का माणसाच्या कानाला लागत नाही, पण माशाच्या अंगाला लागतो, आणि ढोमा चूप बसतो. म्हणजे पाणबुडी जाते तिथं गाण्यात एक भोक पडतं, सरकणारं भोक. जागले पाणबुडीला ऐकतच नव्हते. ते ढोम्यांना ऐकत होते आणि गाण्यातलं भोक शोधत होते! बहुरूपी मात्र किडकिडीत. घसा फोडून ओरडत होता, पण त्यानं पाणी ढकललं जात नव्हतं. मासे त्याला भीक घालत नव्हते, म्हणून जागलेही घालत नव्हते.

“पण आमच्या चाचणयेत ह्या कधीच कसा कळला नाय?” ती स्वतःशीच पुटपुटली.

“कळतला कसा?” आबा म्हणाले. “चार वर्सां पाण्यात तुमचे ते भोंगे वाजतत. पट्ट्यात आता एक ढोमो रवलो नाय. सगळे पळवल्यानी.”

शाल्मलीला कानफटात बसल्यासारखं झालं. ज्या समुद्रातून त्यांनीच मासे हाकलले, त्याच समुद्रात त्यांनी बहुरूपी तपासला होता. तिथं गाणंच नव्हतं, मग भोक कुठून दिसणार? तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि थांबेना.

आबांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. “तू रडतंस कित्याक?” मग त्यांचा आवाज उतरला. “सुयोग थय आसा?”

“माका सांगूची परवानगी नाय, आबा.”

एवढं पुरे होतं. आबांनी वल्हं उभं धरलं. मग विचारलं, “त्येंच्याकडे ठोकूक कायतरी आसा?”

“ठोकूक?”

“तीन ठोके गो! इसारलंस?”

विसरली कशी असेल! थव्यावर पोचलं, की आबा वल्ह्याच्या टाचेनं होडीच्या काठावर तीन ठोके मारत. मधे एकेक श्वासाचं अंतर. ढोमे एकदम गप्प व्हायचे, पण पळायचे नाहीत. किती वेळानं आणि कुठून कुठून गाणं परत सुरू होतं, त्यावरून थवा केवढा ते कळायचं. चौथा ठोका मारला तर थवा उधळला म्हणून समजा. तीनच.

शाल्मली ताडकन उठली. ‘अतल’वर चार बहुरूपी उरले होते. त्यांतले दोन बोलके. त्यांच्यात कुठलाही आवाज भरता येतो. दोन मात्र जुन्या जातीचे, नुसते हवेचे बुडबुडे सोडणारे. प्रयोगशाळेतले लोक त्यांना हसत. पण हवा एकदम सोडली तर पाण्यात धप्प असा खोल ठोका बसतो. माशाच्या अंगाला लागेल असा. तीन ठोके, थोडं पुढं, पुन्हा तीन ठोके. म्हणजे सरकणारं खोटं भोक! आणि दोन्ही बोलके पाणबुडीच्या अंगालगत पोहत ढोम्यांचं गाणं गाणार. न धुतलेलं. खरं भोक बुजवून टाकायला.

“आबा, चला,” ती म्हणाली. “आणि वल्हा घेवा.”

*

“हे हत्यार आत नेता येणार नाही,” मोहीम-कक्षाच्या दारावरचा पहारेकरी म्हणाला.

“ह्या हत्यार नाय, माझो कान आसा,” आबा म्हणाले आणि त्याच्या बगलेखालून वल्हं पुढं सरकवलं. रणदिव्यांनी दुरूनच मान हलवली म्हणून निभावलं.

खरी अडचण वेगळीच होती. एवढ्या खोलवर पाणबुडीला निरोप धाडायचा तर अतिदीर्घ रेडिओलहरी लागतात, आणि त्या भयंकर आळशी. एका अक्षराला पाच मिनिटं. ढोमे गातात दिवेलागणीला, म्हणजे निरोप त्याआधी पोचायला हवा, आणि वाचून तयारीला वेळही उरायला हवा. घड्याळात अडीच वाजले होते.

“आणि उलट उत्तर येणार नाही,” रणदिवे म्हणाले. “निरोप कळला की नाही, तेही समजणार नाही. संकेतकोशात ‘मासे’ असा शब्दच नाही, मॅडम. उघड मराठीत पाठवलं तर समोरचेही वाचतील.”

“वाचू देत की, सर. त्यांना काही कळणार नाही.”

तिनं कागदावर चार ओळी लिहिल्या आणि आबांना दाखवल्या. आबांनी त्यातला एक शब्द काढायला लावला. उरली पंधरा अक्षरं.

ठोके लांब. गाणा जवळ. धुवू नको. आबा.

रणदिव्यांनी ते दोनदा वाचलं. “हे कुणाला कळणार?”

“चव्वेचाळिसांतल्या एकाला.”

“आणि त्याचा अर्थ चुकला तर? बहुरूपी सोडताना नळीतून हवेचा हुंकार निघतो. जागले तो ऐकतील. दुसरी संधी मिळायची नाही.”

शाल्मलीला एकदम सुयोग आठवला. सात वर्षांचा, होडीच्या काठाला धरून बसलेला, आबांच्या तिसऱ्या ठोक्यानंतर जीव मुठीत धरून ऐकणारा. “तो चुकायचा नाही,” ती म्हणाली. “मी चुकले, सर. बारा वर्षं. तो नाही चुकणार.”

रणदिव्यांनी सही केली.

पंधरा अक्षरांना सव्वा तास. ‘ठो’ गेलं, ‘के’ गेलं. आबा भिंतीला टेकून बसले होते, वल्हं मांडीवर. कुणीतरी त्यांना चहा दिला, तो तसाच निवला. पावणेचारला शेवटचा ‘बा’ गेला आणि खोलीत सगळे एकमेकांकडे बघायला लागले. आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

*

सव्वासहाला टेहळणीच्या विमानानं रिंगणाबाहेर पाण्यात ऐकणारी तरंगती पिंपं टाकली. त्यांचा आवाज थेट कक्षात येऊ लागला. धुलाई बंद. शाल्मलीनं स्वतः बटण बंद केलं आणि वर चिकटपट्टी लावली. ध्वनिक्षेपकावर वल्ह्याचं पातं टेकलं, दांडा आबांच्या कानामागं गेला. वर भिंतीच्या पडद्यावर तीस लाल ठिपक्यांचं रिंगण. जागले. ‘अतल’ कुठं होती, ते कुठल्याच पडद्यावर नव्हतं.

सहा चाळीसला पहिला ढोमा बोलला. मग दुसरा, मग पाच, मग दोनशे. बघता बघता समुद्र गाण्यानं गच्च भरला.

“गातत,” आबा पुटपुटले.

दहा मिनिटं गेली. वीस गेली. काहीच नाही.  निरोप पोचला नाही. किंवा पोचला, पण कप्तानानं ऐकलं नाही. किंवा...

“हुंकार! नळीतून काहीतरी सुटलं!” पडद्यासमोरचा अधिकारी ओरडला. रिंगणातले चार लाल ठिपके लगेच आत वळले.

“गप!” आबांनी हात वर केला, आणि कमोडोरांसकट अख्खा कक्ष गप्प झाला. होडीतही त्यांच्यापुढं कुणाचं चालत नसे.

मग आबांचा चेहरा हळूहळू बदलला.

“येक,” ते म्हणाले. एक श्वास. “दोन.” आणखी एक श्वास. “तीन!” त्यांच्या गालावरून पाणी ओघळलं. “माझोच ठोको! माझोच! श्वाससुद्धा तोच घेतल्यान!”

“ढोमे?” शाल्मलीनं विचारलं.

“थय गप झाले. उत्तरेक, लांब. परत तीन ठोके... त्याच्या फुडचे गप झाले. सरकता, गो, भोक सरकता!”

सगळ्यांच्या नजरा पडद्यावर. आत वळलेले चार ठिपके थबकले. जणू विचारात पडले. मग ते उत्तरेकडे वळले. त्यांच्यामागं आणखी सहा. मग सगळं रिंगणच फाटलं आणि तीसच्या तीस ठिपके उत्तरेकडे सुसाट निघाले. बुडबुडे सोडणाऱ्या त्या हसण्यावारी नेलेल्या जुनाट यंत्रांच्या मागं!

“आणि ‘अतल’च्या बाजूला?” रणदिवे आबांजवळ गुडघ्यावर बसले होते. एवढा मोठा अधिकारी, पण त्यांना त्याचं भान नव्हतं. “दक्षिणेकडे काय ऐकू येतं, तांडेल?”

आबांनी बराच वेळ ऐकलं. मग हसले. खालचे तीन दात पडलेले, तरी काय सुंदर हसले!

“थय सगळे ढोमे गातत, सायबानू. भोक नाय. नुसता गाणा. पण त्यातले थोडे ढोमे नं, तेच तेच परत गातत.” त्यांनी शाल्मलीकडे पाहिलं. “चललो माझो झील, तुझो भाव.”

कुणीतरी टाळी वाजवली आणि मग कक्षात एकच गलका उडाला. शाल्मली मात्र खुर्चीचा हात घट्ट धरून बसून राहिली. जागले परत फिरले तर? त्यांना शंका आली तर? पाऊण तास ती तशीच बसली होती. ‘अतल’ माणसाच्या चालीनं सरकत होती आणि तिच्या दोन्ही अंगांना दोन बहुरूपी आयुष्यात पहिल्यांदाच पाणबुडीचं सोंग टाकून मासे झाले होते.

सात पन्नासला आपल्या युद्धनौकांच्या टापूत पाणी उसळलं आणि काळी पाठ वर आली. झाकण उघडलं, हवा आत गेली. पहिला संदेश कप्तानाचा असायला हवा होता, नियमानं. पण कप्तान मोठ्या मनाचा निघाला.

‘चव्वेचाळीस सुखरूप. आबा, चौथो ठोको मारूक नाय. – सुयोग.’

रणदिव्यांनी तो मोठ्यानं वाचून दाखवला. वाचता वाचता त्यांचा कोरडा आवाज फुटला, आणि त्यांनी तो लपवलाही नाही.

*

त्यानंतर प्रयोगशाळेत बरंच काही बदललं. धुलाई निवृत्त झाली. गाणाऱ्या समुद्रात पास होईल तोच बहुरूपी खरा, असा नियम झाला, आणि तसा समुद्र हवा तर भोंगे बंद करणं भाग होतं. चाचण्या दूर खोल पाण्यात गेल्या. निळ्या चौकोनाच्या नकाशावर नवी सही झाली: शाल्मली भिकाजी कोयंडे. या वेळी मधलं नाव तिनं जरा ठळक लिहिलं.

पण कागदावर पट्टा मोकळा झाला म्हणून मासे काही आदेश वाचून येत नाहीत. आठ महिने वाडीतल्या होड्या जात होत्या आणि रिकाम्या येत होत्या. आबा काही बोलत नसत. शाल्मली दर शनिवारी घरी यायची, तीही काही विचारत नसे.

सुयोग रजेवर आला त्या संध्याकाळी आबांनी दोघांना होडीत घेतलं. वाटेत सुयोगनं पन्नासाव्यांदा तीच गोष्ट सांगितली. निरोप वाचून कप्तान कसा त्याच्याकडे बघत राहिला, संकेतकोश कसा तीनदा उलटापालटा केला, आणि “साहेब, हे आमच्या घरचं आहे,” म्हणताना त्याला कसं हसू फुटलं. “ताई, खरं सांगू? ‘धुवू नको’ वाचलं तेव्हा मला आधी वाटलं, आई भांड्यांबद्दल काहीतरी सांगतेय.”

“गप रे,” आबा म्हणाले. पट्टा आला होता.

इंजिन बंद झालं. सूर्य पाण्याला टेकला होता. आबांनी वल्हं उचललं, पातं पाण्यात सोडलं. सुयोगनं सवयीनं हात पुढं केला.

आबांनी त्याचा हात बाजूला केला आणि दांडा शाल्मलीसमोर धरला.

“आधी तू.”

 तिनं ते गुळगुळीत लाकूड दोन्ही हातांत घेतलं आणि कानामागं टेकवलं. थंड होतं. आधी नुसतं पाणी ऐकू आलं. मग होडीच्या फळ्या. मग कोळंब्यांची चटचट. तिनं श्वास रोखला. आबाही श्वास रोखून तिच्या तोंडाकडे बघत होते. आपल्या लेकीच्या तोंडाकडे असं त्यांनी आजवर कधी पाहिलं नव्हतं.

कुर्र.

खूप लांबून. एकच. मग त्याला उत्तर देणारा दुसरा.

“आबा,” शाल्मली म्हणाली, “इले!”